भाऊ म्हणतो ‘तुमच्या पेन्शनचं ओझं आमच्यावर’, नवरा म्हणतो ‘सगळं खाजगी करा’. मी मोर्चाला जाऊ की नको?

प्रश्न (ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात):

मी ४२ वर्षांची, एरंडोल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. २००८ ला लागले म्हणून जुनी पेन्शन नाही, आधी डीसीपीएस (राज्याची अंशदायी पेन्शन) होतं आणि आता एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना). सासरे मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले, त्यांना जुनी पेन्शन मिळते आणि घरात त्यांच्या शब्दाला वजन आहे. नवरा जळगावला एमआयडीसीत पाइपच्या कंपनीत सुपरवायझर. सासर अमळनेरचं, घरात विप्रोचे जुने शेअर, त्यामुळे नवऱ्याचं म्हणणं की सरकारने पेन्शनमधून हात काढून घ्यावा, पैसे पगारात द्यावे, आपण एसआयपी करू. माहेर चोपड्याकडचं, भाऊ ३६ वर्षांचा, चार एकर केळी-कापूस करतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले तेव्हा मी सहज सांगितलं की संघटना जुन्या पेन्शनसाठी जळगावला कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढतेय आणि मी जाणार आहे. भाऊ एकदम बोलला, ‘तुमले पेन्शन शे, आमले काय शे? तुमचं ओझं आमच्या टॅक्सवर.’ तेव्हापासून त्याचा फोन नाही. सरकारने आमची पेन्शन खाजगी केली हे मला चुकीचंच वाटतं, पण मी मागते ते भावाच्या ताटातलं आहे का, असंही आता वाटायला लागलंय. मोर्चाला जाऊ का? आणि नवरा म्हणतो ते बरोबर आहे का?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातलं ‘भावाच्या ताटातलं आहे का’ हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. मोर्चाला जायचं की नाही ते त्याच्या उत्तरावरून आपोआप ठरेल, म्हणून आधी त्याबद्दल बोलते.

तुमच्या घरात देशातले पेन्शनचे बहुतेक प्रकार एकत्र राहतात. सासऱ्यांना शेवटच्या बेसिकच्या निम्मी पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता वाढत जातो, त्यांच्यामागे सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन. तुमचा बेसिक अधिक डीएचा १० टक्के कापला जातो, सरकार १४ टक्के टाकतं, आणि शेवटी हातात काय येईल ते त्या साठलेल्या रकमेवर. मिस्टरांचं ईपीएस-९५, म्हणजे पीएफबरोबरची खाजगी नोकरदारांची पेन्शन, ज्यात पगार कितीही असला तरी बहुतेकांचा हिशोब १५ हजारांवरच होतो, म्हणजे तीस वर्षं नोकरी करूनसुद्धा महिन्याला सात हजारांच्या आतच, आणि तिथली किमान पेन्शन २०१४ पासून १ हजार रुपये आहे ती आहेच. आणि भावाला काहीच नाही. चौघंही आयुष्यभर राबलेली माणसं, आणि म्हातारपण मात्र कोण कुठल्या साली कुठे चिकटलं यावर ठरतंय, हे मला मनापासून खटकतं. भावाचा राग इथूनच आलाय आणि तो राग खोटा नाही.

पण तो ‘ओझं’ म्हणतो ते मात्र मला मान्य नाही. १७ डिसेंबर १९८२ ला सुप्रीम कोर्टाने नकारा खटल्यात स्पष्ट सांगितलंय की पेन्शन म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे, केलेल्या कामाचाच तो मोबदला आहे (म्हणून १७ डिसेंबरला पेन्शनर दिन असतो, सासऱ्यांना माहीत असेलच). आणि भावाला शांतपणे एक विचारा. तो केळीला हवामान आधारित फळपीक विमा काढतो ना? त्याच्या प्रीमियमचा मोठा हिस्सा केंद्र आणि राज्य सरकार भरतं, म्हणजे माझ्या, तुमच्या, चटईच्या कारखान्यातल्या मजुराच्या टॅक्समधून जातो, आणि तो जायलाच पाहिजे, कारण एप्रिल-मेमधलं वादळ एकट्या शेतकऱ्याने झेलायची गोष्ट नाही. म्हातारपणही तसंच आहे. कोण किती जगेल, कोणाला कधी अंथरूण धरावं लागेल हे आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून आधीच तजवीज करून ठेवायची.

आता त्याच्या बोलण्यामागचं गृहीत बघा. त्याला वाटतं की तुमची पेन्शन कमी झाली की तेवढं त्याच्याकडे येईल. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन राज्याने बंद केली, त्याला वीस वर्षं होऊन गेली, त्यातून शेतकऱ्याला पेन्शन सुरू झाली का? नाही झाली. शेतकऱ्यांसाठी मानधन योजना आली ती थेट २०१९ मध्ये, केंद्राची, आणि त्यात निम्मे पैसे शेतकऱ्याने स्वतःच भरायचे. उलट सरकारचा खर्च या काळात कमी झालेलाच नाही, कारण सासऱ्यांसारख्या जुन्या लोकांची पेन्शन तिजोरीतून चालूच आहे आणि वर तुमच्या खात्यात १४ टक्के दर महिन्याला टाकावे लागतात, दोन्ही एकदम. म्हणजे तुमचं गेलं तरी त्याला मिळालेलं नाही. तुम्हा दोघांना एकमेकांसमोर उभं करून तिसऱ्याच कोणाचं तरी बरं चाललंय असं मला वाटतं.

मिस्टरांचं म्हणणं मात्र जरा सावकाश बघू, कारण अर्धं बरोबर आहे. अमळनेरकराला शेअरबाजार समजावून सांगायची गरज नाही, १९४५ मध्ये तिथे तेलाचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या विप्रोचे शेअर ज्यांनी धरून ठेवले त्यांची घरं उभी राहिली हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. पण धरून ठेवले त्यांची. मधेच मुलीच्या लग्नाला, विहिरीला, आजारपणाला ज्यांनी विकून टाकले त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही आणि विकणारे काही मूर्ख नव्हते, त्यांना तेव्हा गरज होती. पेन्शन ज्या माणसासाठी असते त्याच्याकडे थांबायला वेळ नसतो, हाच तर मुद्दा आहे. जानेवारी २०२० ला सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास होता आणि मार्चमध्ये २६ हजारांवर आला. नंतर वर गेला, खूपच वर गेला, पण ज्याचं सगळं शेअरमध्ये होतं आणि त्याच ३१ मार्चला रिटायर झाला त्याने घर कशावर चालवायचं?

तुमच्या एनपीएसबद्दलही एक दुरुस्ती. तुम्ही ‘खाजगी केली’ असं लिहिलंय ते पूर्ण बरोबर नाही. डिफॉल्ट स्कीममध्ये असाल तर पैसे एसबीआय, यूटीआय आणि एलआयसीचे पेन्शन फंड सांभाळतात, वर देखरेखीला पीएफआरडीए ही सरकारी संस्था आहे, आणि शेअरमध्ये ठरलेल्या मर्यादेपर्यंतच जातं, बाकी सरकारी रोखे वगैरे. परतावाही आतापर्यंत नऊ टक्क्यांच्या आसपास राहिलाय, हे प्रामाणिकपणे मान्य करायला पाहिजे, संघटनेच्या सभेत ते कोणी सांगत नाही. तेव्हा पैसे कोण सांभाळतं ही मोठी अडचण नाही. अडचण ही की आधी जो धोका सरकारच्या डोक्यावर होता तो सगळा तुमच्या डोक्यावर आला.

आकड्यांतच सांगते. समजा रिटायर होताना खात्यात १ कोटी आहेत. ६० लाख हातात घेता येतात, ४० लाखांची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून दर महिन्याला मिळणारी पेन्शन, घ्यावीच लागते. साडेसहा टक्के धरले तर महिन्याला साधारण २१,६०० रुपये. साधी ॲन्युइटी असेल तर पहिल्या महिन्यात २१,६०० आणि वीस वर्षांनी पण २१,६००. महागाई ६ टक्के राहिली तर बारा वर्षांत वस्तूंचे भाव दुप्पट होतात, म्हणजे सत्तरीत तुमच्या पेन्शनची किंमत निम्मी. सासऱ्यांना डीए वाढल्याचा मेसेज वर्षातून दोनदा येतो, तुम्हाला तो कधीच येणार नाही. आणि उरलेले ६० लाख? ताई, आपल्याकडे ते पैसे कुठे जातात ते मी कितीदा पाहिलंय, मुलाच्या पुण्याच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट, मुलीचं लग्न, आणि राहिलेले पतसंस्थेत दोन टक्के जास्त मिळतात म्हणून. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था बुडाल्या तेव्हा रांगेत रिटायर झालेले लोकही खूप उभे होते, आणि त्यातल्या कितीतरी जणांना फक्त महिन्याच्या जुन्या पेन्शनने तारलं. ‘पैसे पगारात द्या, आम्ही बघून घेऊ’ म्हणताना मिस्टरांनी हे डोळ्यासमोर आणावं.

हे पूर्ण करून बघितलेला देश आहे, चिली. १९८१ मध्ये लष्करी राजवटीत तिथे पेन्शन खाजगी कंपन्यांकडे दिली, कामगाराने १० टक्के टाकायचे, मालकाचा हिस्सा शून्य. सैन्याला आणि पोलिसांना मात्र जुन्याच पद्धतीत ठेवलं. (आपल्याकडे केंद्राने १ जानेवारी २००४ पासून एनपीएस आणलं तेव्हाही सैन्यदलं बाहेरच ठेवली. सैनिकाला जुनी पेन्शन मिळायलाच पाहिजे यात वाद नाही, पण बाजाराचा धोका म्हातारपणाला बरा नाही हे सरकारलाही कळतं, एवढं त्यातून दिसतं.) चिलीत पुढे लोकांच्या हातात पेन्शन इतकी कमी पडायला लागली की २००८ मध्ये सरकारला स्वतःच्या पैशातून किमान पेन्शन सुरू करावी लागली, २०१६ मध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले, आणि शेवटी २०२५ च्या कायद्याने मालकाचा हिस्सा आणला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने हिशोब मांडलाय की १९८१ ते २०१४ या काळात ३० देशांनी पेन्शन पूर्ण किंवा थोडीफार खाजगी केली आणि २०१८ पर्यंत त्यातले १८ परत फिरले. मिस्टरांना हे जरूर सांगा, वाद म्हणून नको, जेवताना सांगा.

म्हणजे जुनी पेन्शन जशीच्या तशी परत आणा, असं मी म्हणेन असं तुम्हाला वाटत असेल. तसं मी म्हणणार नाही, आणि हे ऐकून सासरे रागावतील तर माझ्यावर ढकला.

राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल या राज्यांनी २०२२-२३ मध्ये जुनी पेन्शन परत आणायचं ठरवलं. सत्तेत असलेल्या कुठल्याही सरकारला हे सोपं वाटतं, का सांगू? कारण जुन्या पद्धतीत आज बाजूला काहीच ठेवावं लागत नाही, एनपीएसचा हिस्सा भरायचा थांबला की उलट आज पैसे वाचतात, आणि खरं बिल येतं ते २००५ नंतर लागलेले लोक रिटायर व्हायला लागले की, तेव्हा खुर्चीवर दुसरंच कोणी असतं. तुम्ही २०४२ च्या आसपास रिटायर व्हाल. तुमच्या वर्गात आज चौथीत बसलेली पोरं तेव्हा नुकती कमवायला लागलेली असतील आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं ते बिल त्यांनी भरायचं, त्यातली निम्मी पोरं शेतकऱ्यांची आणि मजुरांची असणार ज्यांना स्वतःला पेन्शन नाही. भावाच्या बोलण्यातलं खरं ते एवढंच आहे, आणि ते ऐकून घ्यायला पाहिजे.

मला योग्य वाटतं ते मधलं आहे. कर्मचाऱ्याने हिस्सा भरावा, सरकारने आज भरावा, उद्यावर ढकलू नये, पण शेवटी मिळणाऱ्या रकमेची हमी सरकारची असावी आणि ती महागाईप्रमाणे वाढावी. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आठवडाभर संपावर गेले होते, तुम्हीही गेला असालच. त्या आणि इतर राज्यांतल्या दबावातूनच सरकार थोडं सरकलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने युनिफाइड पेन्शन स्कीम जाहीर केली, दुसऱ्याच दिवशी राज्याच्या मंत्रिमंडळाने ती इथेही लागू करायचा निर्णय घेतला. केंद्राच्या योजनेत २५ वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या निम्मी पेन्शन, त्यावर महागाईवाढ, मागे जोडीदाराला ६० टक्के, आणि किमान १० वर्षं झाली असतील तर महिना १० हजारांच्या खाली नाही. कर्मचाऱ्याचे १० टक्के कापले जातातच, सरकारचा वाटा साडेअठरा टक्के. यातही खोट आहे, हातात येणारी एकरकमी रक्कम एनपीएसच्या मानाने फारच कमी होते आणि स्वतः साठवलेला फंड आपला राहत नाही, म्हणून केंद्रातल्या बऱ्याच लोकांनी तिकडे जाणं टाळलं. तरीपण ज्या बाईला मुलांपुढे हात पसरायचा नाही तिच्यासाठी महिन्याची पक्की आणि वाढती रक्कम ६० लाखांच्या चेकपेक्षा मोलाची आहे, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा मोर्चाला जा. पण जाण्याआधी संघटनेच्या बैठकीत उभं राहून दोन गोष्टी मागण्यांच्या पत्रकात घाला म्हणा, एक म्हणजे ईपीएस-९५ ची किमान पेन्शन वाढवणं आणि दुसरं म्हणजे शेतकरी-शेतमजुरांच्या योजनांमध्ये महागाईप्रमाणे वाढ. बायका बैठकीत बोलायला लाजतात, तुम्ही बोला, तुमच्या घरात चारही प्रकार आहेत, तुमच्याइतकं अधिकाराने दुसरं कोण सांगणार. हे घातलं तर बरं, नाही घातलं तरी जा, पण भावाला सांगता येईल की मी तुझंही बोलले होते.

आता कागदांचं. हे तुमच्यासारख्या २००५ नंतर लागलेल्या सगळ्याच शिक्षकांनी करायचंय, आणि घोषणांपेक्षा यातच जास्त पैसे अडकलेत.

प्रान नंबर (एनपीएस खात्याचा नंबर) टाकून पूर्ण स्टेटमेंट काढा आणि पगारपत्रकाशी एकेक महिना ताडून बघा, विशेष करून सुरुवातीचा डीसीपीएसचा काळ. जि.प. शिक्षकांच्या त्या काळातल्या कपाती, सरकारचा हिस्सा आणि व्याज नव्या खात्यात पूर्ण वळतं झालेलं नाही अशा तक्रारी कितीतरी आहेत. एक महिना जरी राहिला असेल तरी मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, आवक नंबर आणि शिक्का असलेली. तोंडी सांगितलेलं काहीच उपयोगाचं नसतं. मग बघा तुम्ही कुठल्या योजनेचा ऑप्शन भरलाय आणि तो सेवापुस्तकात चढलाय का, आणि योजनेचा जीआर स्वतः वाचा, व्हॉट्सॲपवरचा सारांश नको. त्यात किती वर्षं सेवेची अट आहे आणि साठलेल्या रकमेचं काय होतं हीच दोन कलमं नीट वाचली तरी पुरे. नोकरीत असताना काही झालं तर एनपीएसवाल्यांच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी) मिळायची सोय राज्याने २०२३ मध्ये केलीय, त्याचा ऑप्शन फॉर्म आणि नॉमिनी, दोन्ही बघून घ्या. लग्नाआधीचा नॉमिनी तसाच राहिलेल्या बायका खूप आहेत.

मिस्टरांना सांगा एसआयपी चालू ठेवा, ती वाईट नाही, पण ईपीएसमधून फार येणार नाही हे धरून चाला. रिटायर झाल्यावरचे पैसे आधी पोस्टाच्या किंवा बँकेच्या सिनियर सिटिझन स्कीममध्ये, तिथे माणशी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, आणि मगच बाकीचं. पतसंस्थेत एक रुपयाही नको.

भाऊ ३६ चा आहे हे सगळ्यात चांगलं, कारण ४० नंतर त्याच्यासाठी ही दारं बंद होतात. चार एकर म्हणजे दोन हेक्टरच्या आत, तेव्हा किसान मानधन योजनेत तो बसू शकतो, साठीनंतर महिना ३ हजार, त्याच्या वयाला हप्ता २०० च्या आतच आणि तेवढेच केंद्र टाकतं, गावातल्या सीएससी सेंटरला (सरकारी ऑनलाइन सेवा केंद्राला) आधार, सातबारा आणि बँकेचं पासबुक नेलं की होतं. इन्कम टॅक्स भरत नसेल तर अटल पेन्शनही आहे, ५ हजारांच्या पेन्शनला ३५ व्या वर्षी सुरू केलं तर महिन्याला ९०२ रुपये आणि चाळिसाव्या वर्षी केलं तर १४५४, त्यामुळे जितकं लवकर तितकं स्वस्त. वहिनीचं वेगळं खातं काढायला सांगा, तिच्या नावावर. मात्र त्याला हे खरं सांगून टाका की पंचवीस वर्षांनंतरचे ५ हजार म्हणजे ६ टक्के महागाई धरली तर आजचे अकराशे-बाराशेच, हमी आहे पण वाढ नाही. माझ्या मते या योजनांवर शेतकऱ्याने सगळ्यात जास्त ओरडायला पाहिजे ते यासाठी, आणि तिथे तुमच्या संघटनेने त्याच्या बाजूला उभं राहायला पाहिजे. आईवडील ६५ च्या पुढे असतील आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असतील तर श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार मिळतात का तेही तहसीलला विचारून घ्या.

त्याचा फोन येत नसेल तर तुम्ही करा. पेन्शनवर बोलू नका सुरुवातीला. सीएससीला जायचंय, सातबाऱ्याचा नवा उतारा काढून ठेव, मी रविवारी येते, एवढंच सांगा.